जोतीरावांस न मिळालेलें बक्षीस

विद्यार्थी मित्रहो, सरकारनें ज्या पुरुषाचा शालजोडी देऊन सन्मान केला, त्याच्याच ग्रंथास तीन वर्षांनीं सरकारी बक्षीस कमिटीनें नकार द्यावा, असा चमत्कारिक प्रसंग महात्मा जोतीराव फुले यांच्या आयुष्यांत घडला.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं पुण्यास एका माळी कुटुंबांत झाला. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनीं त्यांची शाळा सोडविली होती. परंतु मुलाची बुद्धि ओळखणाऱ्या दोघां शेजाऱ्यांनीं वडिलांचें मन वळविलें. १८४१ सालीं ते स्कॉटिश मिशनच्या शाळेंत, म्हणजे आपल्यासारख्याच एका मिशन शाळेंत, दाखल झाले. पुढें १८४८ सालीं त्यांनीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली व तेथें शिकविण्यासाठीं पत्नी सावित्रीबाई यांस तयार केलें. या कार्याबद्दल १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला.

पेशवाईंत विद्वान् ब्राह्मणांना दक्षिणा वांटली जात असे. इंग्रज सरकारनें त्या रकमेचा कांहीं भाग पुढें मराठी ग्रंथांस बक्षिसें देण्याकडे लाविला. १८५५ सालीं जोतीरावांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक या दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडिलें. एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीति घालून त्या कुटुंबास कर्जांत लोटतो, आणि अखेर तें जोडपें रात्रीच्या शाळेंत शिकण्याचा निश्चय करतें, असें त्याचें कथानक होतें. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. तिच्यांतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळें असें झालें, हें जोतीरावांनींच पुढें नमूद करून ठेविलें आहे.

तथापि त्यांची लेखणी थांबली नाहीं. १८७३ सालीं त्यांनीं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली व ती अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केली. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सावकार, कोर्टकचेऱ्या व सरकारी नोकर यांच्या कचाट्यांत सांपडलेला शेतकरी त्यांनीं उभा केला. सत्यशोधक चळवळीच्या ‘दीनबंधु’ पत्रानेंही दोन प्रकरणें छापून पुढें हात आखडला. म्हणजे स्वकीयही कचरले! आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील कापूस पिकविणाऱ्या पालकांनीं तो ग्रंथ अवश्य वाचावा. कर्जाची ती कथा त्यांस परकी वाटणार नाहीं.

११ मे १८८८ रोजीं मुंबईंतील सभेनें त्यांस ‘महात्मा’ ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते निवर्तले. नाकारलेलें तें नाटक १९७९ सालीं, म्हणजे १२४ वर्षांनीं, छापून निघालें. आज तें अभ्यासिलें जातें. तें नाकारणाऱ्या कमिटीचें नांव मात्र बहुधा त्या नाटकामुळेंच निघतें.

मित्रहो, वार्षिक समारंभांत बक्षीस मिळालें तर आनंद मानावा. परंतु खरें बोलल्यामुळें तें हुकलें, तर जोतीरावांचें स्मरण करावें आणि लेखणी खालीं ठेवूं नये.