खुराड्यातला स्टुडिओ

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे स्थळांची बोलणी सुरू होतात आणि बायोडाटाच्या आधी मुलीचा फोटो मागितला जातो. पूर्वी त्यासाठी स्टुडिओत जावे लागायचे. आता हातात मोबाईल असतो, नाहीतर कुणाच्या तरी भाच्याकडे मोठा कॅमेरा असतो, त्यामुळे फोटो घरातच निघतो. खोली दहा बाय बाराची. मागे शोकेस, कॅलेंडर, फ्रीजचा कोपरा. फोटोत पोरीचं नाक मोठं येतं आणि कॅलेंडरवरच्या तारखा चेहऱ्याइतक्याच ठसठशीत! वर बोल लावतात तो तिच्या रूपालाच. अशा वेळी मला दीडशे वर्षांपूर्वीची एक बाई आठवते. कोंबड्यांच्या खुराड्यात बसून तिने जगाला माणसाचा चेहरा जवळून बघायला शिकवले.

तिचे नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. (आडनावातच कॅमेरा, पण हा निव्वळ योगायोग बरं का!) जन्म आपल्याच देशातला, ११ जून १८१५ रोजी कलकत्त्याचा. वडील जेम्स पॅटल कंपनी सरकारचे मोठे अधिकारी, आईचे घराणे फ्रेंच. या सात बहिणी. बाकीच्या रूपाने गाजलेल्या, ज्युलिया मात्र दिसायला साधी म्हणून ओळखली जायची. हुशार, बोलकी, पण साधी. चार देखण्या बहिणींमध्ये वाढलेल्या मुलीला काय काय ऐकावे लागते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पुढे आयुष्यभर ती सौंदर्याच्या मागे लागली, त्याचे मूळ इथेच असावे असे मला वाटते.

शिक्षण बरेचसे फ्रान्समध्ये झाले. १८३६ मध्ये प्रकृतीसाठी ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपला गेली. तिथे तिला दोन माणसे भेटली. एक जॉन हर्शेल, नामवंत खगोलशास्त्रज्ञ. फोटोग्राफीचा शोध लागल्यावर तिची पहिली माहिती ज्युलियाला त्यांच्याकडूनच मिळाली. दुसरे चार्ल्स हे कॅमेरॉन, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे कायदेपंडित. मेकॉलेच्या ज्या आयोगाने आपल्या दंडसंहितेचा मसुदा केला, त्यात हे होते. १८३८ मध्ये कलकत्त्यात दोघांचे लग्न झाले. दहा वर्षांनी कुटुंब इंग्लंडला गेले आणि १८६० मध्ये वाइट बेटावर फ्रेशवॉटर या गावी स्थिरावले. घराला नाव दिले डिंबोला. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, त्यांचे कॉफीचे मळे होते, त्यावरून. शेजार कवी टेनिसनचा.

आता खरी गोष्ट. डिसेंबर १८६३. ज्युलियाबाई ४८ वर्षांच्या. सहा मुले, बरीचशी मोठी झालेली. नवरा मळ्यांच्या कामासाठी सिलोनला गेलेला. एकटेपणात आईचा वेळ जावा म्हणून लेक आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. आपल्याकडे या वयात बाईला जपमाळ देतात! या बाईने कोळशाची खोली रिकामी करून तिची अंधारखोली केली. परड्यातल्या कोंबड्या सोडून दिल्या आणि खुराड्याला काचा लावून घेतल्या. झाला स्टुडिओ.

तेव्हाचे काम म्हणजे दमछाक. काचेच्या पाटीवर कलोडियनचे चिकट द्रावण ओतायचे, पाटी चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधारखोलीत धुवायची. हात काळे, कपडे काळे. जानेवारी १८६४ मध्ये ॲनी फिल्पॉट या लहान मुलीचा फोटो तिच्या मनासारखा आला. त्यालाच ती आपले पहिले यश मानायची.

त्या काळचे व्यावसायिक फोटो पत्त्याच्या पानाएवढे असत. माणूस नखशिखांत उभा, बाजूला खांब, मागे पडदा, आणि बुटाच्या बंदापासून टोपीपर्यंत सगळे सारखेच स्पष्ट. ज्युलियाबाईंनी खांब काढला, पडदा काळा केला आणि पाटीभर नुसता चेहरा घेतला. उजेड एका बाजूने, बाकी काचा पडद्यांनी झाकलेल्या. फोकस जुळवताना चित्र सुंदर दिसू लागले की तिथेच त्या थांबत. आणखी फिरवून सगळे काटेकोर स्पष्ट करण्याच्या भानगडीत पडत नसत.

इथे जरा तांत्रिक सांगते, पण अवघड नाही. लेन्समध्ये डोळ्याच्या बाहुलीसारखे एक छिद्र असते, लहानमोठे होणारे. त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. त्याचे आकडे उलटे चालतात. एफ २ म्हणजे मोठे छिद्र, एफ ११ म्हणजे बारीक. छिद्र मोठे तर उजेड जास्त येतो, पण स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. डोळे स्वच्छ आणि कान धूसर, असे. छिद्र बारीक केले की नाकापासून भिंतीपर्यंत सगळे ठळक, पण उजेड कमी पडतो. नुसत्या आकड्यावर मात्र जाऊ नये. १८६६ मध्ये ज्युलियाबाईंनी घेतलेला मोठा कॅमेरा पंधरा बाय बारा इंची पाटीचा होता. त्याची डॉलमेयरची लेन्स तीस इंची, अ‍ॅपर्चर एफ ८. आठ हा आकडा आपल्याला बारीक वाटेल, पण तीस भागिले आठ म्हणजे पावणेचार इंचांचे छिद्र! एवढ्या लांब लेन्सने चेहरा जवळून घेतला की जेमतेम बोटभर जागा स्पष्ट येणार. शिवाय फोटोला काही मिनिटे लागत. बसणारा हलणारच. म्हणून त्यांच्या फोटोंत ते मऊ धुके दिसते.

आपल्या खोलीत एवढे धुके नको. मुलीला खिडकीशेजारी बसवा, ऊन थेट अंगावर नको, आणि भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ओढा. तेवढ्यानेच कॅलेंडर अर्धे विरघळते. फोटो काढणाऱ्याने पाच फुटांच्या आत जाऊ नये. नाक मोठे येते ते फार जवळ गेल्याने, लेन्सच्या किंवा नाकाच्या दोषाने नाही. पन्नास मिलिमीटरची लेन्स असेल तर साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर पाच फुटांवरून एफ १.८ ला जेमतेम अडीच इंच स्पष्ट येतात. एक डोळा छान, दुसरा पुसट अशी गत व्हायची. एफ ४ ला साडेपाच इंच मिळतात, म्हणजे नाकाच्या टोकापासून कानापर्यंत बहुतेक सगळा चेहरा. छोट्या खोलीत एकट्या चेहऱ्याला मी एफ ४ च्या बाजूची. उजेड फारच कमी असला तर २.८, आणि फोकस जवळच्या डोळ्यावर. आई-मुलगी शेजारी बसल्या तर ५.६. मोबाईलमधले छिद्र बहुधा एकाच मापाचे असते. त्यातला पोर्ट्रेट मोड मागचे धुके हिशेबाने तयार करतो आणि कधीकधी मोकळे केस किंवा झुमका खाऊन टाकतो, तेवढे तपासून घ्या. आणि कातडी गोरी करणारे बटण तर दाबूच नका.

तर ज्युलियाबाई. फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी त्यांची खिल्ली उडवली. बाईला फोकस जमत नाही, पाट्यांवर बोटांचे ठसे राहतात वगैरे. ठसे होते हे खरे. पण त्यांनी हार मानली नाही. १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांचे फोटो विकत घेतले, आणि १८६८ मध्ये तिथेच त्यांना काम करायला दोन खोल्या दिल्या. टेनिसन, डार्विन, कार्लाइल अशी मंडळी त्यांच्यापुढे बसली. हर्शेलना तर त्यांनी फोटोआधी केस धुवायला लावले आणि ते पांढरे पिंजारलेले केस जगप्रसिद्ध झाले. भाची ज्युलिया जॅक्सनचे १८६७ चे फोटो मला सर्वात आवडतात. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. पुढे ही भाची व्हर्जिनिया वूल्फ या लेखिकेची आई झाली.

मेरी रायनची गोष्ट मात्र थेट आपल्या स्थळांच्या फोटोची. ही आयरिश भिकारणीची मुलगी. ज्युलियाबाईंनी तिला घरी आणले, शिकवले, पण ती घरात कामही करायची आणि फोटोला तासन्‌तास बसायची. १८६५ च्या प्रदर्शनात हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने तिचा फोटो पाहिला आणि १८६७ मध्ये तिच्याशी लग्न केले. हेच कॉटन बंगालमध्ये सनदी अधिकारी झाले आणि १९०४ साली मुंबईला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षही! ऐकायला गोड, पण माझ्या मनात खोच राहते. फोटोने मेरीचे नशीब पालटले हे खरे. पण बाईसाहेबांनी सांगितल्यावर हलू नकोस, तर नाही म्हणायची सोय मेरीला होती का? दुसरी मोलकरीण मेरी हिलियर कितीतरी फोटोंत येशूची आई झाली आणि फोटो झाला की पुन्हा कामाला लागली.

हौस म्हणून सुरू झालेल्या या कामातून पैसा मिळावा ही ज्युलियाबाईंची धडपड होती. मळ्यांचे उत्पन्न घटत होते. फोटो विकायला ठेवले, हक्कांची रीतसर नोंदणी केली, तरी घर चालेल एवढे काही जमले नाही. १८७३ मध्ये कॅमेरा देणारी ती लेक बाळंतपणात गेली. दोन वर्षांनी दोघे नवराबायको सिलोनला निघाले. सामानात स्वतःसाठी शवपेट्याही घेतल्या होत्या म्हणे.

तिथे फोटो थोडेच झाले. रसायने मिळेनात, स्वच्छ पाणी मिळेना. जे झाले त्यांत मळ्यांवरची तमिळ माणसे आहेत, बायका आहेत. डोळे तसेच बोलके, पण इंग्लंडमधल्या थोरामोठ्यांची नावे जशी फोटोखाली आली, तशी यांतल्या बहुतेकांची आली नाहीत. २६ जानेवारी १८७९ रोजी ज्युलियाबाई वारल्या. कॅमेरा हाती धरल्याला जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. बोगवंतलावाच्या चर्चजवळ, चहाच्या डोंगरात, त्यांची आणि नवऱ्याची कबर शेजारी शेजारी आहे.