कोशकार बाबा पदमनजी

आपल्या कासार ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची नामावळी सिद्ध होते तेव्हा बाबा पदमनजींचे नाव बहुधा गाळले जाते. कारण उघड आहे. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ज्ञातीशी त्यांचा संबंध तुटला. त्यांच्या धर्मांतराविषयी वाचकांचे मत काहीही असो, ज्ञातीतील विद्यार्थ्यांना त्यांच्या विद्याव्यासंगाची ओळख करून देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावी झाला. तेथील मिशनच्या शाळेत व पुढे मुंबईस त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. त्या काळी इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलास खरी अडचण पडे ती शब्दार्थांची. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला होता. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आले. ग्रंथ अपूर्व खरा, पण शाळकरी मुलाने दप्तरात घालून न्यावा असा नव्हे! बाबांनी त्याचा संक्षेप करून १८६३ साली आटोपशीर कोश प्रसिद्ध केला. तत्पूर्वी १८६० साली त्यांची 'शब्दरत्नावली' निघाली होती. तीत मराठी समानार्थक शब्दांचा संग्रह आहे.

संक्षेप करणे हे हलके काम, असा कोणी समज करून घेऊ नये. काय ठेवावे व काय गाळावे, हे दोन्ही भाषा मुरल्यावाचून कळत नाही. 'मान' हा एकच शब्द घ्या. स्त्रीलिंगी मान म्हणजे 'नेक', पुल्लिंगी मान म्हणजे 'ऑनर', आणि नपुंसकलिंगी मान म्हणजे 'मेझर'. एका शब्दास एक प्रतिशब्द अशी यादी घोकणारा विद्यार्थी येथे हटकून फसतो. अर्थाच्या छटा पारखून घेणाऱ्यास मात्र एका मराठी शब्दातून तीन इंग्रजी शब्द लाभतात, आणि मराठीही पक्की होते ती निराळीच. आमच्या मुलामुलींनी इंग्रजी याच वाटेने शिकावी असे आम्हांस वाटते.

बाबांची ग्रंथसंपदा शंभराहून अधिक लहानमोठ्या पुस्तकांची आहे. विधवांच्या दुःस्थितीवरील त्यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांत त्याची गणना होते. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र. त्यात त्यांनी आपले बालपण आणि धर्मांतरापर्यंतचा प्रवास सांगितला आहे. तो सर्वांस रुचेल असे नाही, तरी ज्ञातीतील घरोघरी ते पुस्तक एकवार वाचले जावे. बाबा २९ ऑगस्ट १९०६ रोजी निवर्तले.