बिशप रिचर्ड ॲलन : गुडघ्यांवरून उठविलेला प्रार्थक

प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या मनुष्यास कोणी ओढून उठवावे आणि ही जागा तुझी नव्हे असे सांगावे, ह्याहून मोठा अपमान देवाच्या मंदिरात दुसरा कोणता? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी असा प्रसंग ज्यांच्या डोळ्यांदेखत घडला, आणि ज्यांनी त्याचे उत्तर शिवीने किंवा काठीने न देता एक नवी मंडळी उभारून दिले, त्या बिशप रिचर्ड ॲलन ह्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

रिचर्डचा जन्म १४ फेब्रुवारी १७६० रोजी गुलामगिरीत झाला. त्या काळी आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांची व त्यांच्या संततीची अमेरिकेत गुराढोरांप्रमाणे खरेदीविक्री होत असे. बापाचे श्रम व आईची लेकरे ही सर्व धन्याची मालमत्ता समजली जात. रिचर्डचे कुटुंब प्रथम बेंजामिन च्यू नावाच्या वकिलाच्या मालकीचे होते. पुढे रिचर्ड लहान असतानाच त्या सर्वांस डेलावेअर प्रांतातील डोव्हर गावाजवळच्या स्टोकली स्टर्जिस नावाच्या शेतकऱ्यास विकण्यात आले. स्टर्जिस मनाने कठोर नव्हता. परंतु तो कर्जात बुडाला, तेव्हा त्याने रिचर्डच्या आईस व तिच्या काही लेकरांस विकून टाकले. धनी कितीही दयाळू असो, त्याचे कर्ज वाढले की गुलामाचे घर मोडते.

अशा दुःखात असता रिचर्डच्या कानी मेथोडिस्ट उपदेशकांच्या मुखाने सुवार्ता पडली. आपल्या पापाचे ओझे त्यास दुःसह झाले, आणि सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याने ख्रिस्तास आपला तारणारा म्हणून स्वीकारले. शेजारचे शेतकरी स्टर्जिसला सांगू लागले की, धर्मामुळे गुलाम बिघडतात. हे ऐकून रिचर्डने व त्याच्या भावाने निश्चय केला की, आपल्यामुळे प्रभूच्या नावास दोष लागू द्यावयाचा नाही. शेतातील काम मागे राहिले, तर सभेस जाणे सोडून ते आधी काम पुरे करीत. अखेर खुद्द धनीच कबूल करू लागला की, धर्माने माणसे बिघडत नाहीत, सुधारतात. आणि त्याने उपदेशकांस आपल्या घरी बोलाविले.

त्यांपैकी फ्रीबॉर्न गॅरेटसन ह्यांनी स्वतःचे गुलाम पूर्वीच मुक्त केले होते. त्यांनी स्टर्जिसच्या घरी दानिएलाच्या पुस्तकातील बेलशस्सर राजाच्या तोलण्याविषयी उपदेश केला. तो शब्द धन्याच्या अंतःकरणास झोंबला. गुलाम बाळगणे हे पाप आहे अशी त्याची खात्री झाली, आणि त्याने रिचर्डला आपली सुटका विकत घेण्याची मुभा दिली. १७८० साली २,००० डॉलर कागदी चलनात देण्याचा करार ठरला. रिचर्डने लाकडे तोडली. हातांस फोड आले तरी कुऱ्हाड सोडली नाही. त्याने वीटभट्टीवर मजुरी केली आणि युद्धकाळात मिठाची गाडी हाकली. येणेप्रमाणे तीन वर्षांत सर्व रक्कम फेडून १७८३ साली तो स्वतंत्र झाला.

ह्यापुढे ॲलन ह्यांनी गावोगाव फिरून उपदेश आरंभिला. पोटासाठी मजुरी आणि प्रभूसाठी वाणी, असा त्यांचा क्रम होता. एकदा चालून चालून त्यांचे पाय इतके फोडांनी भरले की त्यांस जेवणाच्या मेजापर्यंत जाता येईना. तेव्हा यजमानांनी मेज त्यांच्यापाशी आणले, आणि घरच्या बाईने ऊन पाण्याने त्यांचे पाय धुतले.

१७८६ साली त्यांस फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज मंदिरात उपदेशासाठी बोलाविण्यात आले. वेळ दिली पहाटे पाचची. त्यांच्या शब्दाने कृष्णवर्णी लोकांची संख्या वाढू लागली. १७८७ साली त्यांनी आपले मित्र ॲबसलोम जोन्स ह्यांच्यासह स्वतंत्र आफ्रिकी लोकांचा एक साहाय्यक संघ स्थापिला. प्रत्येक सभासदाने दरमहा एक शिलिंग द्यावा आणि त्यातून आजारी, विधवा व पोरकी मुले ह्यांस मदत व्हावी, अशी त्याची रीत होती.

परंतु मंदिरात काळ्या लोकांची गर्दी गोऱ्या सभासदांच्या डोळ्यांत खुपू लागली. प्रथम त्यांस भिंतीकडेला बसविले; पुढे वरच्या सज्जात जाण्याचा हुकूम झाला. सज्जा बांधण्यास ह्या गरिबांनीही आपल्या मजुरीतून हातभार लावला होता. एका रविवारी ते सज्जात जाऊन गुडघे टेकतात न टेकतात तोच एक कारभारी ॲबसलोम जोन्स ह्यांस ओढून उठवू लागला. प्रार्थना संपेपर्यंत थांबावे अशी त्यांनी विनवणी केली, ती त्याने मानली नाही. उलट मदतीस दुसऱ्यास बोलाविले. प्रार्थना संपताच ती सर्व मंडळी एकजुटीने मंदिराबाहेर पडली. ह्या प्रसंगाचे साल कोणी १७८७ सांगतात, तर कोणी १७९२ च्या सुमाराचे मानतात.

इतक्यात १७९३ साली शहरात पीतज्वराची साथ आली. सुमारे ५,००० माणसे मेली. श्रीमंत लोक शहर सोडून पळाले. काळ्या लोकांस हा ताप होत नाही, असा डॉ. बेंजामिन रश ह्यांचा समज होता, म्हणून त्यांनी ॲलन व जोन्स ह्यांच्याकडे मदत मागितली. ज्यांनी आपणांस प्रार्थनेतून उठविले त्यांच्याच नगराची सेवा करावी काय? त्यांनी क्षणभरही मागे पाहिले नाही. त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, बेवारस प्रेते उचलून पुरली. डॉक्टरांचा समज खोटा ठरला. शेकडो काळी माणसे मेली, आणि ॲलन स्वतःही तापाने मरणाच्या दारी जाऊन आले. इतके करूनही मॅथ्यू केरी नावाच्या छापखानेवाल्याने काळ्या शुश्रूषकांवर लुबाडणुकीचा आरोप केला. तेव्हा १७९४ साली ॲलन व जोन्स ह्यांनी पुस्तिका छापून जमाखर्च मांडला. मिळाले त्याहून खर्चच अधिक झाला होता.

त्याच वर्षी त्यांनी एक जुने लोहारकामाचे दुकान विकत घेऊन ते घोड्यांकरवी आपल्या जागेवर ओढून आणविले व त्याचे मंदिर केले. २९ जुलै १७९४ रोजी बिशप फ्रान्सिस ॲस्बरी ह्यांनी त्याचे समर्पण केले. याकोबाने उशास धोंडा घेतलेल्या स्थळाचे बेथेल हे नाव त्यास मिळाले. तथापि तंटा मिटला नाही. बेथेलच्या मालमत्तेवर व उपदेशपीठावर गोरे वडील हक्क सांगत राहिले. १८१५ साली तर मंदिराचा लिलाव झाला, आणि ॲलन ह्यांस आपलेच मंदिर १०,१२५ डॉलरांस घ्यावे लागले. १८१६ च्या आरंभी पेन्सिल्व्हेनियाच्या वरिष्ठ न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला. त्याच एप्रिलमध्ये निरनिराळ्या ठिकाणच्या कृष्णवर्णी मंडळ्या एकत्र येऊन आफ्रिकन मेथोडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले, व ॲलन त्याचे पहिले बिशप झाले.

बिशप झाल्यावरही त्यांनी मंडळीवर आपल्या पोटाचा भार घातला नाही. चांभारकाम व धुराडी झाडविण्याचा धंदा ह्यांवर त्यांचा चरितार्थ चाले. त्यांच्या पत्नी सारा ह्यांनी स्त्रियांस एकत्र करून गरीब उपदेशकांचे फाटके कपडे शिवून देण्याची व्यवस्था केली. पळून आलेल्या गुलामांस त्यांच्या घरी आसरा मिळे. बिशपसाहेबांची समजूत एके ठिकाणी तोकडी पडली, हेही सांगितले पाहिजे. जॅरेना ली नावाच्या भगिनीने उपदेशाची परवानगी मागितली असता त्यांनी प्रथम नकार दिला. परंतु काही वर्षांनी तिचे बोलणे बेथेलमध्ये ऐकून, तिचे पाचारण देवाकडून आहे असे त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केले. १८३० साली स्वतंत्र कृष्णवर्णी लोकांची पहिली राष्ट्रीय परिषद बेथेलमध्ये भरली, तिचे ते अध्यक्ष होते. २६ मार्च १८३१ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी ते प्रभूच्या विसाव्यात गेले.

गुलामगिरीचा अंत १८६५ साली झाला. तो पाहण्यास ते नव्हते. गुलामांस मुक्त करण्याच्या कार्याबद्दल महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला, हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु कायद्याने बेडी तुटली तरी मनातील सज्जा लवकर मोडत नाही. सेंट जॉर्जच्या मंदिरात बेथेलची मंडळी पुन्हा उपासनेस बसली ती २००९ साली, दोनशेंहून अधिक वर्षांनी.

प्रिय वाचकहो, सेंट जॉर्जचे कारभारी मूर्तिपूजक नव्हते. ते प्रार्थना करणारे, वर्गणी देणारे, शास्त्र वाचणारे होते. म्हणून ही गोष्ट दूर देशाची समजून पान उलटू नये. आपल्या मंदिरात सतरंजीवर कोण पुढे बसतो व कोण दाराशी बसतो? प्रभुभोजनाचा पेला कोणाच्या हातून आला असता आपले मन मागे घेते? लग्नसंबंधाची गोष्ट निघाली की पूर्वीची जात कोण विचारतो? येत्या रविवारी गुडघे टेकण्यापूर्वी प्रत्येक पंचाने, उपदेशकाने व सभासदाने आपल्या शेजारी कोणास जागा नाही हे एकदा पाहावे, आणि मग डोळे मिटावे.