कावसजीचे नवे नाक

एका साध्या गाडीवानाचे नाव जगभरच्या प्लॅस्टिक सर्जरीच्या पुस्तकांत आढळते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्याचे नाव कावसजी.

कावसजी मराठी शेतकरी कुटुंबातला. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यातील १७९० ते १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी सैन्याचे बैल हाकीत असे. तो कैद झाला आणि टिपूच्या हुकमावरून त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे कंपनी सरकारने त्याला पेन्शन दिली. पण आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू! ती पेन्शनने कशी परत मिळणार? वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला.

मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. त्याने नाकाच्या जागी मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घेतले. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन भुवयांमधली एक चिंचोळी पट्टी कापली नाही. त्या पट्टीवर कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. सांध्यावर ओल्या काताच्या चिंध्या लावल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी पट्टी कापली.

पट्टी का ठेवली? तिच्यातूनच नव्या नाकाला रक्त मिळत होते. पट्टी फार रुंद असेल तर नीट वळत नाही, फार अरुंद असेल तर रक्त अपुरे पडते. घरी कागद कापून हा वळसा देऊन पाहा. कागद मात्र आकसत नाही, सुटी केलेली कातडी आकसते. म्हणून माप काळजीपूर्वक घ्यावे लागते.

ही हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात कावसजीच्या चित्रासह छापून आली. १८१४ साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. नाक पुन्हा घडवताना कपाळाची कातडी आजही वापरतात.

कावसजीचे नाव छापले गेले, त्याला नाक देणाऱ्या कारागिराचे मात्र त्या लेखात नाही. म्हणून कावसजीची गोष्ट सांगताना त्या कुशल हातांचीही आठवण ठेवू या.