वर्ध्याचा पांडुरंग आणि मेक्सिकोचा मका

मेक्सिको देशाच्या राजधानीत शिक्षण मंत्रालयाची एक भव्य इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या जगविख्यात चित्रकाराने काढलेली चित्रे आहेत. त्यांतील एका चित्रात मेजाभोवती कष्टकरी माणसे बसली असून मधला पुरुष भाकर मोडून सर्वांना वाटतो आहे. आपली रोजची भाकर असे त्या चित्राचे नाव आहे. भाकर वाटणारा हा पुरुष मेक्सिकन नव्हे. तो आपल्या विदर्भातला, वर्ध्याचा पांडुरंग सदाशिव खानखोजे होय!

गदर म्हटले की आपल्याला पंजाब आठवतो, आणि ते योग्यही आहे. परंतु त्या चळवळीच्या पायाभरणीत एक वऱ्हाडी-नागपुरी हात होता हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. खानखोजे यांचा जन्म १८८० नंतरच्या दशकातला. बालपण वर्ध्याला गेले, पुढील शिक्षण नागपूरला झाले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तो काळ भारून गेला होता. इंग्रजांना घालवायचे तर युद्धशास्त्र शिकले पाहिजे आणि ते इंग्रजी राज्यात शिकता येणार नाही, अशी या तरुणाची धारणा झाली. १९०६ च्या सुमारास त्याने देश सोडला. जाण्यापूर्वी त्याने टिळकांची भेट घेतली होती आणि त्यांनी जपानचा मार्ग सुचविला होता. जपानहून तो अमेरिकेला पोहोचला. त्या वेळी त्याचे वय आपल्या पदवी वर्गातील विद्यार्थ्यांपेक्षा फार मोठे नव्हते.

अमेरिका हा स्वातंत्र्ययुद्ध लढून इंग्रजांना हाकलून देणारा देश. पारतंत्र्यातल्या हिंदी तरुणाला त्याचे किती आकर्षण वाटले असेल! सैनिकी शिक्षणासाठी खानखोजे कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपाइस या लष्करी विद्यालयात दाखल झाले. त्याचबरोबर त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यासही चालविला. प्रथम ओरेगॉन राज्यातील कोर्व्हॅलिस येथे आणि नंतर वॉशिंग्टन राज्यात त्यांनी उच्च शिक्षण घेतले. बंदूक आणि नांगर या दोन्ही विद्या एकाच वेळी शिकणारा असा विद्यार्थी विरळाच. त्यातली कोणती विद्या आयुष्याला पुरणार आहे, याची कल्पना त्या वेळी त्यांनाही नसावी.

पण अमेरिकेचे दुसरे रूपही लवकरच दिसले. ओरेगॉन-वॉशिंग्टनच्या लाकूड गिरण्यांत पंजाबी मजूर राबत असत. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने शेकडो हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हुसकावून लावले. मजूर स्वस्तात काम करतात आणि आमची रोजी बुडवितात, हा राग त्यामागे होता. घरी गुलाम आणि बाहेर नकोसे, अशी या लोकांची अवस्था होती. खानखोजे याच मजुरांत मिसळले. तारकनाथ दास यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हिंदी स्वातंत्र्याची संघटना उभारण्यास आरंभ केला. पुढे १९१३ साली सोहनसिंग भाकना, लाला हरदयाळ इत्यादींनी गदर पक्ष स्थापला, तेव्हा त्याच्या गुप्त लढाऊ शाखेची जबाबदारी खानखोजे यांच्याकडे आली. शेतमजुरी करणाऱ्या मेक्सिकन लोकांशीही याच काळात त्यांची ओळख झाली. मेक्सिकोत १९१० पासून क्रांती पेटली होती, आणि जमीन कसणाऱ्याची झाली पाहिजे ही तिची मागणी या शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या मनात रुजली.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि गदरचे हजारो लोक जहाजांनी हिंदुस्थानकडे निघाले. त्यांत तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते, कर्तारसिंग सराभा होते. दोघांनाही १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फाशी देण्यात आले. खानखोजे यांचा मार्ग वेगळा ठरला होता. तुर्कस्तान-इराणमार्गे हिंदुस्थानच्या सरहद्दीवर धडक मारायची अशी योजना होती. दक्षिण इराणातील टोळ्यांबरोबर राहून, मुसलमानी नाव व वेष धारण करून ते इंग्रजांशी लढले, पकडले गेले, निसटले. ही कहाणी एखाद्या कादंबरीला पुरेल इतकी मोठी आहे. येथे एवढेच सांगतो की युद्ध संपले तेव्हा इंग्रज जिंकले होते आणि खानखोजे यांना जाण्यासाठी देश उरला नव्हता.

ते बर्लिनला गेले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय व भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासमवेत मॉस्कोलाही जाऊन आले. रशियाकडून मोठी मदत मिळेल ही आशा फोल ठरली. मग अमेरिकेलाच का परतले नाहीत, असा प्रश्न वाचकांना पडेल. पण तो दरवाजा बंद झाला होता. अमेरिकेने १९१७ साली कायदा करून आशियातील बहुतेक लोकांना प्रवेशबंदी केली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत गदरच्या लोकांवर मोठा खटला उभा राहिला. १९२३ साली तर भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नसल्यामुळे अमेरिकन नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. जेफर्सन आणि लिंकन यांच्या देशाचे हे राजकारण आपल्या राज्यशास्त्राच्या वर्गात चर्चिण्यासारखे आहे.

अशा वेळी जुनी मेक्सिकन मैत्री कामास आली. १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत उतरले. तेथे चापिंगो गावी एका जमीनदाराच्या हवेलीत राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतेच आणले गेले होते. खानखोजे त्यात प्राध्यापक झाले. मका हा मेक्सिकन माणसाचा प्राण. आपल्याकडे ज्वारीची भाकर तशी तिकडे मक्याची. खानखोजे यांनी मक्यावर संशोधन केले, टिओसिंटे या मक्याच्या भावकीतल्या रानगवताशी त्याचा संकर करून पाहिला. गहू, कडधान्ये यांवरही काम केले. थंडीत व अवर्षणात टिकणारे वाण मिळावे, हा ध्यास होता. पेरणीनंतर पाऊस दडी मारतो तेव्हा काय होते, हे आपल्या मानोरा परिसरातील विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

पण प्रयोगशाळेपेक्षाही मला त्यांच्या मोफत शेतकी शाळांचे महत्त्व अधिक वाटते. क्रांतीनंतर जमिनी मिळालेला शेतकरी निरक्षर होता. त्याच्यासाठी खानखोजे व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांत शाळा काढल्या. त्यांतील एका शाळेला शेतकऱ्यांचा नेता एमिलिआनो झपाटा याचे नाव दिलेले होते. टीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्या शाळांची छायाचित्रे घेतली. रिव्हेरा मित्रच होता. त्याने या परदेशी मास्तराला भिंतीवर भाकर वाटायला बसविले ते उगाच नव्हे.

१९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. तेव्हा खानखोजे पन्नाशीच्या घरात होते. सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. मुलींची नावे पाहा! घराबाहेर सगळीकडे स्पॅनिश, जवळ मराठी बोलणारे कोणी नाही, आणि अंगणात सावित्री, माया अशा हाका. देशांतर केलेला माणूस देश कोठे जपून ठेवतो, ते या दोन नावांत दिसते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्या वेळच्या मध्यप्रांत सरकारने, ज्याची राजधानी आपले नागपूर होती, शेतीविषयक सल्ल्यासाठी खानखोजे यांना बोलावले. आणि काय घडले? स्वतंत्र भारताच्या कचेरीने त्यांना प्रवेशपत्र नाकारले! इंग्रजांनी केलेली काळी यादी नव्या राज्यात तशीच टेबलावर होती आणि तीत त्यांचे नाव होते. ज्या राज्याविरुद्ध ते लढले ते गेले, पण त्याचा कागद राहिला. अखेर तो नकार मागे घेण्यात आला आणि १९४९ साली, चाळिसाहून अधिक वर्षांनी, ते उघडपणे मायभूमीत आले.

काम आटोपून ते मेक्सिकोला परतले. पण मन इकडे लागले होते. १९५५ च्या सुमारास सारे कुटुंब नागपूरला आले. येथे मी जरा थांबतो, कारण अशा चरित्रांत आपण नायकाच्या परतण्यापाशी टाळ्या वाजवितो आणि पुढे जातो. खानखोजे यांचा वनवास संपला तेव्हा जानबाईंचा आणि मुलींचा सुरू झाला. सात हजार फुटांहून उंच पठारावरची थंड हवा सोडून त्या नागपूरच्या उन्हाळ्यात आल्या. मुलींची जन्मभाषा, मैत्रिणी, शाळा सर्व सागरापलीकडे राहिले. एका माणसाला घरी आणण्यासाठी तीन माणसांनी घर सोडले. बापाने तारुण्यात जे दुःख स्वतःहून पत्करले, ते मुलींच्या वाट्याला न विचारता आले. देशासाठी घर सोडणाऱ्यांच्या यादीत जानबाईंचे नाव कोणी घालत नाही. माझ्या मते घातले पाहिजे. पुढे सावित्रीबाईंनी वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले आणि त्यामुळेच आज आपल्याला बरेच काही कळते.

नागपुरातही सारे मनासारखे झाले असे नाही. ज्या सरकारने बोलावले होते त्याची राजधानी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपुरातून गेली. वय सत्तरीकडे झुकलेले. गदरच्या आठवणी सांगणारे सोबती बहुतेक निघून गेलेले.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या कृषी विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. हे पाहायला ते नव्हते, हे सांगायला नकोच. पण दुसरी एक गोष्ट त्यांच्या हयातीत घडली. १९६५-६६ च्या दुष्काळाने देश हवालदिल झाला असताना भारताने १९६६ साली मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे मागविले. ते वाण नॉर्मन बोरलॉग यांच्या कार्यातून निघालेले होते. त्या रबीत ते उत्तरेच्या शेतांत पेरले गेले. पीक अजून उभेच होते, तेव्हा २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे निधन झाले.