पाटी न दिसलेला मुलगा : थिओडोर रूझवेल्ट



या पानावर आपण संतांची, क्रांतिकारकांची, शास्त्रज्ञांची चरित्रे वाचत असता. या वेळी आम्ही अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाचे चरित्र घेतले आहे. थिओडोर रूझवेल्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले रूझवेल्ट ते फ्रँकलिन. हे त्यांच्या आधीचे. बालमित्रांच्या हातात जे टेडी बेअर असते ते यांच्याच नावाचे. १९०२ मध्ये मिसिसिपीत शिकारीला गेले असता बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास त्यांनी नकार दिला. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले आणि पाठोपाठ दुकानात खेळणे आले.

परंतु आम्ही हे चरित्र निवडले ते अस्वलासाठी नव्हे, राजकारणासाठी तर नव्हेच. त्यांच्या राजकारणातील अनेक गोष्टी आम्हाला पटत नाहीत. १९०९ साली त्यांनी एका भाषणात भारतातील इंग्रजी राज्याची मोठी प्रशंसा केली होती, ती आपल्याला कशी पटावी? आम्ही निवडली आहे त्यांच्या वयाच्या तेरा-चौदाव्या वर्षाची एक गोष्ट. ती प्रत्येक पालकाने आणि आमच्या प्रत्येक शिक्षकाने वाचावी अशी आमची इच्छा आहे.

थिओडोर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्क शहरात एका सधन घराण्यात झाला. लहानपणापासून दम्याचा विकार. रात्री श्वास कोंडला की वडील त्यांना घोडागाडीत घालून मोकळ्या हवेत हिंडवून आणत. पुढे वडिलांनी मुलाला शरीर कमावण्यास सांगितले आणि घरातच व्यायामशाळा करून दिली. प्रकृतीमुळे नियमित शाळा झाली नाही, शिकवायला शिक्षक घरी येत. वाचनाचा नाद मात्र जबरदस्त. पुस्तक हातात पडले की हा मुलगा जागचा हलत नसे.

दुसरा नाद प्राण्यांचा. बाजारात एकदा मेलेला सील मासा विक्रीला ठेवलेला दिसला (खरे तर तो मासा नव्हे, सस्तन प्राणी). त्याची कवटी मिळवून या मुलाने आपल्या दोन चुलतभावांसह घरात चक्क संग्रहालय थाटले. बेडूक, उंदीर, कीटक, कासव असे काय काय त्यात जमा होई. घरातील मोलकरणी किती वैतागल्या असतील याची कल्पना पालकांनी करावी.

हे सर्व जवळून पाहण्याचे प्राणी आहेत, हे ध्यानात घ्यावे. जे हातात धरता येते, पायाखाली येते, तेच या मुलाला नीट पाहता येत होते. झाडावरचा पक्षी त्याच्यासाठी जवळजवळ नव्हताच. आणि ही गोष्ट त्याला स्वतःला ठाऊक नव्हती, घरात कोणालाही नव्हती. चालताना अडखळणारा, खेळात मागे पडणारा, जरा वेंधळा मुलगा, अशीच त्याची ओळख होती.

१८७२ च्या उन्हाळ्यात त्याला पहिली बंदूक मिळाली. त्या काळात पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी मारून, पेंढा भरून ठेवणे असेच समजले जाई. सोबतची मुले पटापट नेम धरत. याला मात्र नेम कशावर धरायचा हेच दिसेना. त्याला कोडे पडले. मग एके दिवशी सोबत्यांनी लांबवरच्या एका जाहिरात-फलकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. अक्षरे भली मोठी होती. आपल्या राजवाड्याच्या चौकात उभे राहून समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचाव्यात, इतकी सोपी गोष्ट. थिओडोरला मजकूर तर वाचता आला नाहीच, पण तिथे अक्षरे आहेत हेसुद्धा दिसले नाही. तेव्हा प्रथमच त्याच्या मनात आले की आपल्यातच काहीतरी उणे आहे. त्याने वडिलांना सांगितले आणि लवकरच चष्मा आला.

चष्म्याने त्याच्यापुढे एक निराळीच सृष्टी उघडली. जग इतके सुंदर आहे याची त्याला तोवर कल्पनाच नव्हती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात हे कुटुंब इजिप्तला गेले. नाईल नदीवर नावेतून प्रवास करताना या मुलाने पक्ष्यांचा मन लावून अभ्यास केला. पाच वर्षांनी, १८७७ मध्ये, हार्वर्डमध्ये शिकत असताना त्याने एका मित्रासह अॅडिराँडॅक पर्वतातील उन्हाळी पक्ष्यांची सूची छापली.

आता जरा थांबून विचार करावा. घर श्रीमंत, दम्यासाठी डॉक्टरांचे येणे-जाणे नित्याचे, आईवडील प्रेमळ आणि जागरूक, शिक्षक तर समोर बसून शिकवणारे. तरीही तेरा वर्षांपर्यंत कोणालाच कळले नाही! त्या वेळी साधने नव्हती असेही नाही. डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्येच तयार केले होते. मोठ्यापासून लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, जो आजही प्रत्येक नेत्रतज्ज्ञाकडे भिंतीवर असतो, तो हॉलंडमधील डॉक्टर स्नेलेन यांनी १८६२ साली प्रसिद्ध केला होता. थिओडोरला फलक दिसला नाही त्याच्या पूर्ण दहा वर्षे आधी. मुलाला त्या तक्त्यासमोर उभे करायचे तेवढे कोणाला सुचले नव्हते.

याचे कारण सोपे आहे. मोठ्या माणसाची नजर कमी झाली तर तो तक्रार करतो, कारण पूर्वी चांगले दिसत होते हे त्याला आठवते. मुलाला जसे दिसते तसेच सर्वांना दिसते असे तो समजतो. जवळचे नीट दिसत असेल तर पुस्तक वाचतो, मोबाइल पाहतो, सुईत दोरा ओवून देतो. आई म्हणते, याचे डोळे छान आहेत. एका डोळ्याने कमी दिसत असेल तर दुसरा डोळा काम सांभाळून घेतो आणि काहीच कळत नाही. अशा वेळी मेंदू कमजोर डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर हा डोळा बहुधा चांगला सुधारतो, पुढे ते कठीण होत जाते. म्हणून तपासणीत एकेक डोळा झाकूनच पाहावे लागते.

रूझवेल्ट यांनी १९१३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात या गोष्टीविषयी त्यांनी जे म्हटले आहे ते आम्हाला शिक्षक म्हणून फार मोलाचे वाटते. आपल्या वेंधळेपणाचा बराचसा भाग न दिसण्यामुळे होता आणि दिसत नाही हेच आपल्याला माहीत नव्हते, असे ते सांगतात. पुढे ते सार्वजनिक शाळांतील मुलांविषयी लिहितात. शरीरातील अशा दोषामुळे मागे पडणाऱ्या मुलांना हट्टी, आळशी किंवा मंद ठरवले जाते आणि हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे. राष्ट्राध्यक्षपद भूषवून झालेल्या माणसाला पंचावन्नाव्या वर्षीही ते बालपण डाचत होते.

आपल्याकडे तर आणखी एक भानगड आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात आणि बाहेर हिंदी. फळ्यावरून उतरवताना घ चा ध झाला, भ चा म झाला, तर आपण लगेच म्हणतो, दोन भाषांमुळे घोटाळा होतो आहे. कधी तसे असेलही. पण पुस्तकातून उतरवताना तीच अक्षरे बरोबर येत असतील आणि फळ्यावरूनच चुकत असतील, तर दोष भाषेचा नाही. आधी डोळे तपासावे. डोळे बारीक करून पाहणे, मान तिरकी धरणे, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे, संध्याकाळी डोके दुखणे, या खुणाही सर्वांनी ओळखून ठेवाव्यात.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १८९९ मध्ये शाळकरी मुलांच्या नजरेची तपासणी कायद्याने आवश्यक केली. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि शाळांतील नेत्रतपासणी व गरजूंना मोफत चष्मे हा त्याचा भाग आहे. तथापि शाळेतील तपासणी ही केवळ चाळणी असते. शाळेत दाखल होण्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी एकदा नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे हे उत्तम. अक्षरे न येणाऱ्या बालकासाठी चारी दिशांना तोंड केलेल्या आकृतींचा तक्ता असतो, तेव्हा तो लहान आहे ही सबब चालत नाही. डॉक्टर डोळ्यांत थेंब घालतात, त्यानंतर काही तास, कधी एखादा दिवसही, जवळचे धूसर दिसते. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र नेऊ नये!

चष्म्याने नंबर वाढतो ही समजूत खोटी आहे. मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाचे कसे, असे म्हणणारे पालक आजही भेटतात. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही, फक्त तिला फळ्यावरची ओळ वाचायला सांगतो. मुलांना रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळू द्यावे. त्यामुळे लांबचे न दिसण्याचा दोष जडण्याची शक्यता कमी होते, असे अलीकडच्या संशोधनात आढळले आहे.

चष्मा लागला की वर्गात ढापण्या, चष्मिश अशी नावे पडतात. रूझवेल्टही यातून सुटले नाहीत. १८८४ मध्ये पत्नी आणि आई एकाच दिवशी वारल्या. त्या दुःखात ते डाकोटाच्या माळरानावर गुरे पाळायला गेले. तेथील गुराख्यांनी त्यांना चार डोळेवाला असे नाव ठेवले. एका गावच्या खाणावळीत दोन पिस्तुले घेतलेल्या एका दारुड्याने या नावाने त्यांची फारच थट्टा मांडली, तेव्हा त्यांनी ठोसे मारून त्याला आडवा केला. (बालमित्रांनी हे अनुकरणीय समजू नये.) १८९८ मध्ये क्यूबाच्या लढाईवर जाताना चष्म्याचे अनेक जोड सोबत घेतले होते, कारण चष्मा फुटला तर सगळेच संपले.

१९०१ मध्ये मॅकिन्ली यांची हत्या झाल्यावर उपाध्यक्ष रूझवेल्ट बेचाळिसाव्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. रशिया-जपान युद्धात तह घडवल्याबद्दल १९०६ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण आम्हाला त्यांचे दुसरे काम अधिक आवडते. १९०३ मध्ये फ्लोरिडातील पेलिकन बेट त्यांनी पक्ष्यांसाठी राखीव केले आणि कार्यकाल संपेपर्यंत अशी ५१ पक्षी-आश्रयस्थाने झाली.

१४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकी येथे प्रचारात एकाने त्यांच्यावर गोळी झाडली. खिशात घडी घातलेले ५० पानांचे भाषण होते आणि चष्म्याचे पोलादी घर होते. दोन्ही भेदून गोळी छातीत गेली खरी, पण तिचा जोर ओसरला होता. त्याच अवस्थेत त्यांनी तासाहून अधिक वेळ भाषण केले. गोळी आयुष्यभर छातीतच राहिली.

फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट राहिली. राष्ट्राध्यक्ष असताना ते व्हाइट हाउसमध्ये मुष्टियुद्ध खेळत. एका तरुण लष्करी अधिकाऱ्याचा ठोसा डाव्या डोळ्यावर बसला आणि त्या डोळ्याची नजर गेली. त्या अधिकाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ही गोष्ट तेव्हा बाहेर येऊ दिली नाही. पुढची सर्व वर्षे एकाच डोळ्यावर आणि त्यावरील चष्म्यावर त्यांनी काम केले. १९१० च्या जून महिन्यात ते इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांच्यासह तेथील रानात पक्षी पाहत व त्यांचे आवाज ऐकत दिवसभर हिंडले. ६ जानेवारी १९१९ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले, तेव्हा ते साठ वर्षांचे होते.