फाटू नये म्हणून...

रविवारी सकाळी होस्टेलच्या गॅलरीत उभं राहून बघा. दोरीवर काय वाळत असतं? दोन-चार शर्ट, पाच-सहा टॉवेल आणि बाकी सगळ्या जीन्स! निळ्या, काळ्या, विटलेल्या आणि गुडघ्यावर मुद्दाम फाडलेल्या. ओल्या असताना इतक्या जड की दोरी मधोमध लोंबते. पावसाळ्यात तर तीन-तीन दिवस वाळत नाहीत. तरी त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही, कारण मुळात त्या महिना-महिना कुणी धूतच नाही!

त्यात फॅशनचा गोंधळ असा की विचारू नका. काही वर्षांपूर्वी पायाला चिकटलेली स्किनी जीन्स नसेल तर तो मुलगा गावंढळ समजला जायचा. आता त्याच स्किनीला बघून ज्युनिअर्स हसतात आणि घोळदार बॅगी घालून फिरतात. काकांच्या लग्नाच्या अल्बममधली पँट आणि आजची ‘लेटेस्ट’ पँट यातला फरक ओळखून दाखवा, माझ्याकडून एक वडापाव! दर सीझनला घेर बदलतो, रंग बदलतो, कंबर वर-खाली होते.

या सगळ्यावर माझं मत आहेच, पण ते शेवटी. आधी एका माणसाची गोष्ट सांगतो. या माणसाने पैसा मिळवला तो पँट फाटू नये म्हणून. आणि आपण जास्तीचे पैसे मोजतो ते ती फाटकी मिळावी म्हणून!

त्याचं नाव लेव्ही स्ट्रॉस. जन्म २६ फेब्रुवारी १८२९, जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या बुटेनहाइम नावाच्या खेड्यात. मूळ नाव लोब. घर ज्यू. वडील हिर्श हे फेरीवाले, पाठीवर माल घेऊन गावोगाव विकणारे. त्या काळी तिथल्या ज्यू लोकांवर कुठे राहायचं, कुठला धंदा करायचा, इतकंच काय लग्न कधी करायचं यावरही सरकारी बंधनं होती. १८४६ मध्ये वडील क्षयाने गेले. पुढच्याच वर्षी आई आणि दोन बहिणींबरोबर अठरा वर्षांचा हा मुलगा बोटीने न्यूयॉर्कला पोचला. दोघे सावत्र भाऊ, योनास आणि लुई, आधीच तिथे जाऊन कापडाचा ठोक धंदा करत होते. लोब त्यांच्या हाताखाली धंदा शिकला आणि अमेरिकेत लोबचा लेव्ही झाला.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं तिकडे धावली. लेव्हीसुद्धा गेला, पण कुदळ घेऊन नव्हे. जानेवारी १८५३ मध्ये त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, पनामामार्गे प्रवास केला आणि मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. काम एकच : भावांच्या पेढीची पश्चिम किनाऱ्यावरची शाखा चालवणे. सोनं खणणाऱ्यांपैकी कित्येक जण कंगाल होऊन परतले, पण त्यांना लागणाऱ्या वस्तू पुरवणाऱ्यांचं बरं चाललं. हे गणित आपल्या होस्टेलच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यालाही कळतं. पास कोण होतंय आणि नापास कोण, त्याला काय करायचंय? नोट्सच्या प्रती दोघंही काढतात!

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लेव्ही तंबूचं कापड घेऊन गेला, ते खपेना म्हणून त्याच्या पँटी शिवल्या आणि निळ्या रंगवल्या, अशी एक गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते. छान आहे, पण खरी नाही. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत कंपनीची इमारत जळली, त्यात जुने कागदपत्र गेले. जिथे कागद नसतो तिथे दंतकथा उगवते, तसं झालं. खरं सांगायचं तर पहिली वीस वर्षं लेव्ही साधा ठोक व्यापारी होता. चादरी, रुमाल, आतले कपडे, कापडाचे तागे असा माल पूर्वेकडून बोटीने मागवायचा आणि खाणींच्या गावांतल्या छोट्या दुकानदारांना विकायचा. बहीण फॅनी आणि मेहुणा डेव्हिड स्टर्न येऊन मिळाले, धंदा वाढला, १८६३ मध्ये पेढीला ‘लेव्ही स्ट्रॉस अँड कंपनी’ हे नाव मिळालं. जीन्सचा अजून पत्ता नव्हता.

आता दुसरा माणूस येतो, आणि खरं तर आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी आधी याला सलाम ठोकायला पाहिजे. जेकब डेव्हिस. जन्म १८३१, गाव रिगा, हाही ज्यू, हाही पोटासाठी अमेरिकेत आलेला. नेवाडातल्या रीनो या गावात शिंपीकाम करायचा. तंबू, घोड्याच्या झुली, गाडीवरची आच्छादनं शिवायचा. कापड घ्यायचा लेव्हीच्या पेढीकडून. १८७० साल संपता संपता त्याच्याकडे एक बाई आली. नवरा लाकूडतोड्या, अंगाने धिप्पाड, पँट टिकतच नाही, जरा मजबूत शिवून द्या म्हणाली. जेकबने डक नावाच्या जाड पांढरट कापडाची पँट शिवली. टेबलावर तांब्याची रिव्हेट पडलेली होती, झुलीचे पट्टे बसवायची. त्याला वाटलं, खिशाच्या कोपऱ्यात हीच ठोकली तर? ठोकली. तीन डॉलरला पँट विकली.

आता स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचं पुस्तक आठवा (ज्यांचा विषय राहिलाय त्यांनी जरा जास्तच आठवा). कापड मधोमध सहसा फाटत नाही. जिथे शिवण संपते, कोपरा येतो, तिथे सगळा ताण एकवटतो आणि उसवायला तिथूनच सुरुवात होते. हात खिशात घातला, हत्यार कोंबलं, की कोपऱ्यावर जोर. जेकबने हे कुठल्या कॉलेजात शिकलं नव्हतं. रोज फाटक्या पँटी दुरुस्तीला येत होत्या, त्या त्याने नीट बघितल्या. बस्स, एवढंच! आपल्या वर्कशॉपमध्ये रिव्हेटेड जॉइंट करताना सर ओरडतात तो याच्यासाठीच.

मागणी वाढत गेली आणि जेकबला भीती वाटू लागली की शेजारचा शिंपी ही युक्ती उचलणार. पेटंट घ्यायला हवं. पण फी होती ६८ डॉलर, आणि त्याच्यासारख्या शिंप्याला ती जड होती. म्हणून १८७२ मध्ये त्याने कापडाच्या व्यापाऱ्यालाच पत्र लिहिलं : खर्च तुमचा, कल्पना माझी, पेटंट दोघांचं. आता विचार करा. लेव्हीच्या हातात एका लांबच्या गावातल्या शिंप्याचं पत्र आहे. कल्पना इतकी सोपी की मनात आणलं असतं तर गुपचूप स्वतःच्या नावाने अर्ज करता आला असता. तसं त्याने केलं नाही. भागीदारी मान्य केली, पैसे भरले. अर्ज सहजासहजी मंजूर झाला नाही, दुरुस्त्या कराव्या लागल्या. शेवटी २० मे १८७३ रोजी क्रमांक १३९१२१ चं पेटंट मिळालं, त्यात शोधक म्हणून जेकबचं नाव आणि हक्कात कंपनीचा वाटा. लेव्ही तेव्हा ४४ वर्षांचा होता. ‘पंचविशीत काही केलं नाही तर संपलं’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

जेकब सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि शिलाईचं सगळं काम बघू लागला. डेनिम न्यू हॅम्पशायरमधल्या अमॉस्केग गिरणीतून येऊ लागलं. या कापडात उभा धागा नीळ लावलेला आणि आडवा धागा पांढरा असतो. नीळ सुताच्या आतपर्यंत मुरत नाही, वरवर बसते. म्हणून जीन्स जिथे घासते तिथे आतला पांढरा दिसायला लागतो, म्हणजेच ती ‘फेड’ होते. आपलंही यात थोडं नातं आहे हं! डंगरी हा शब्द आला तो मुंबईच्या डोंगरीवरून. तिथून जाडंभरडं कापड परदेशात जायचं. आणि एकेकाळी युरोपला नीळ पुरवणारा मोठा देश म्हणजे आपलाच. बंगालच्या शेतकऱ्यांनी त्या निळीपायी काय भोगलं आणि १८५९ मध्ये उठाव का केला, हे इतिहासात आपण वाचलंच आहे.

पहिल्या पँटींना मागे एकच खिसा होता. बेल्टसाठी लूप नव्हते, गॅलिससाठी बटणं होती. जीन्स हे नावही कंपनी वापरत नव्हती, ती होती कामकऱ्यांची ओव्हरऑल. १८८६ मध्ये कमरेवर चामड्याची पट्टी आली. दोन घोडे पँट दोन्हीकडून ओढतायत आणि ती फाटत नाही, असं चित्र! ज्याला वाचता येत नव्हतं तोही ‘दोन घोड्यांची द्या’ एवढं मागू शकत होता. १८९० मध्ये पेटंटची मुदत संपली, मग कुणीही रिव्हेट ठोकायला मोकळा झाला. त्याच सुमारास या पँटला ५०१ हा नंबर मिळाला.

सगळं गोडच सांगितलं तर ही गोष्ट अपुरी राहील. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. वातावरण विषारी होतं. त्या काळात आमचा माल फक्त गोऱ्या कामगारांनी केलेला आहे, असं लेव्हीची कंपनी जाहिरातीत मिरवत असे. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत त्या काळची एक पँट लिलावात हजारो डॉलरला विकली गेली, तिच्या खिशावर ही ओळ छापलेली आहे. ज्या माणसाच्या घराला जन्मगावी केवळ ज्यू म्हणून बंधनं सोसावी लागली, त्याच्याच मालावर हे छापलं जावं, हे वाचून मला वाईट वाटलं. थोर माणूस म्हणजे सगळ्या बाबतीत थोर, असं नसतं.

त्याची दुसरी बाजूही खरी आहे. लेव्हीने लग्न केलं नाही. बहिणीच्या मुलांना धंद्यात घेतलं. नोकरांनी आपल्याला साहेब न म्हणता नुसतं लेव्ही म्हणावं असा त्याचा आग्रह असे, असं सांगतात. अनाथाश्रमांना तो सतत मदत करायचा. १८९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याने २८ शिष्यवृत्त्या सुरू केल्या. स्वतः कॉलेजची पायरी न चढलेला माणूस! २६ सप्टेंबर १९०२ रोजी तो घरीच वारला. वय ७३. मागे ठेवलेली इस्टेट सुमारे साठ लाख डॉलर. आधल्या वर्षी, १९०१ मध्ये, पँटला मागचा दुसरा खिसा आला होता. बेल्टचे लूप मात्र १९२२ चे. ते त्याने पाहिलेच नाहीत. जेकब डेव्हिस १९०८ मध्ये गेला. त्याचं नाव कुठल्याही लेबलवर नाही.

आता माझं मत. स्किनी घाला, बॅगी घाला, मला काही म्हणायचं नाही. घेर हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण विकतची फाटकी, विकतची विटलेली जीन्स मला पटत नाही. नव्या जीन्सला जुना लूक द्यायला वाळूचा जोरदार फवारा मारत असत. ती वाळूची धूळ फुप्फुसात जाऊन तुर्कस्तानात कामगारांना सिलिकोसिस झाला, कित्येक तरुण मेले. शेवटी २००९ मध्ये तिथल्या सरकारला ही पद्धत बंद करावी लागली. आपल्या गुडघ्यावरच्या पांढऱ्या डागासाठी कुणाचा तरी श्वास जावा? असली कसली फॅशन!

त्यापेक्षा साधी गडद निळी घ्या आणि चार वर्षं वापरा. वर्कशॉपचं ऑइल, मेसची भाजी, बाईकची सीट, लॅबचं स्टूल, सगळं तिच्यावर उमटू द्या. फायनल इयरला ती आपोआप फेड होईल, आणि तो फेड कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

आणि हो, आज रात्री जीन्स खुंटीला अडकवताना खिशाच्या कोपऱ्यातलं ते छोटंसं रिव्हेट एकदा बोटाने चाचपून बघा. पैसे लेव्हीचे होते, पण डोकं जेकबचं होतं.